मंगळवारचं मीठ

"तुम्हाला नुसतं उभं राहायचंय, भगिनी ग्लेनिस. बोलायचं काही नाही. तुम्ही तसंही कुठं बोलता," असं म्हणून वॉरिक थोडासा हसला आणि त्याने फोन ठेवला. माझ्या डाव्या हातात फोन होता, उजवा हात मनगटापर्यंत टोफूत. तो तसाच राहिला. बोटांमधून पांढरा भुगा सावकाश खाली पडत होता आणि मी तो पडताना बघत होते. बाहेर शुक्रवारची दुपार होती, मे महिन्यातली, आमच्याकडे मे म्हणजे हिवाळ्याचं तोंड, लवकर कलणारी. दरीपलीकडच्या रानात अग्निशमनवाल्यांनी थंडीआधी पालापाचोळा जाळायला घेतला होता, त्याचा धूर सबंध उपनगरावर सायीसारखा धरला होता आणि उन्हाला चहाचा रंग आला होता. चहा मी आयुष्यात प्यायले नाही. कॉफी नाही, दोन जेवणांच्या मधे एक दाणासुद्धा नाही, पहाटे उठून गुडघे टेकल्याशिवाय कुणाशी एक शब्द नाही. हे सगळं मला कधी जड गेलं नाही. जड गेलं ते वॉरिकचं हसणं. किती साधं हसला तो. लहान मुलाला पुढे उभं करताना हसतात तसं.

उद्या शनिवार, आमच्या चर्चच्या मंडळीचा शब्बाथ, विसाव्याचा आणि उपासनेचा दिवस, आणि ह्या वेळचा पाहुण्यांचा. वर्षातून एकदा आजूबाजूच्या रस्त्यांवरच्या, एरवी आमच्या दाराकडे न बघणाऱ्या लोकांना बोलावतात, उपासनेआधी हॉलमध्ये भरपेट न्याहारी घालतात, आणि पोटं भरत आली की वॉरिक उठून आरोग्यावर दहा मिनिटं बोलतो. वॉरिक आमचा एल्डर, मंडळीतला वडीलधारा, आरोग्याचं सगळं काम त्याच्याकडे. न्याहारीचा मोठा पदार्थ माझ्याकडे. काचेच्या खोल ट्रेमध्ये खाली किसलेला बटाटा, त्यावर पालक, अळंबी, ढबू मिरची आणि सोयाचे सॉसेज, त्यावर टोफू आणि बेसनाचं पिवळं मिश्रण, सगळ्यात वर काजूची साय, आणि मग भट्टीत सोनेरी होईपर्यंत. कॅसरोल म्हणतात सगळे. त्यात अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही, आणि तरी पाहुणे हमखास विचारतात की किती अंडी घातलीत हो. मग वॉरिक माझ्याकडे बोट करतो आणि मी खाली बघते. शब्बाथाला आम्ही रांधत नाही, फक्त गरम करतो, म्हणून हे सगळं शुक्रवारी, सूर्य मावळायच्या आत. शुक्रवार म्हणजे तयारीचा दिवस. घर झाडून, कपडे इस्त्री करून, पदार्थ झाकून, मन धुऊन बसायचं.

ह्या वर्षी वॉरिकला पाहुण्यांना एक गोष्ट सांगायची होती. नाव घेणार नाही, म्हणाला. आपला एक बंधू होता, एवढंच म्हणेन. त्याला आजार झाला, त्याला योग्य आहार दाखवून दिला होता, घरात त्याची पत्नी जिवापाड तो आहार रांधत होती, आणि तो मात्र तिच्या मागे चोरून अंडी खात होता. शेवटच्या आठवड्यात त्याने स्वतः कबूल केलं. ऐकणाऱ्यांच्या काळजाला हात घालणारी गोष्ट आहे, म्हणाला वॉरिक, आणि तुम्ही तिथं उभ्या राहिलात तर लोकांना दिसेल की विश्वासू माणूस कसं असतं. त्याने मला विचारलं नव्हतं. कळवलं होतं. हॉलच्या किल्ल्या कुठे ठेवल्यात ते कळवतात, तसं.

आपला एक बंधू म्हणजे नेव्हिल. माझा नवरा. मागच्या वर्षी मार्चमध्ये गेला.

मी हात धुतला नाही. टोफू कुस्करत राहिले. सकाळपासून तो फडक्यात बांधून नेव्हिलच्या जड इस्त्रीखाली ठेवला होता, पाणी सगळं निघालं होतं, तो नुसता दाबला तरी तुटत होता, आणि मी त्याला पिळत होते. माझ्या रागाला आवाज नाही. लहानपणापासून नाही. आई म्हणायची, समोरचा जितका ओरडेल तितकी तू हळू बोल, आणि मी ते इतकं मनापासून केलं की आता लोकांना माझं बोलणं ऐकायला माझ्याकडे वाकावं लागतं. वाकतात आणि म्हणतात, किती शांत आहे ही. मंडळीच्या स्वयंपाकवर्गात मी दर महिन्याला शिकवते, तिथे नव्या पोरी पहिल्या रांगेसाठी भांडतात, कारण दुसऱ्या रांगेत माझं काही पोचत नाही. शांत. राग कुठे जातो ते कुणी विचारत नाही. तो हातांत उतरतो. बटाटे किसले तेव्हा किसणीवर असा जोर होता की ओट्यावरची भांडी वाजली. कांदा इतका बारीक चिरला गेला की त्याचं पाणी झालं. ढबू मिरचीच्या बिया मी नखांनी ओरबाडून काढत होते आणि मनात एकच वाक्य चाललं होतं, तिच्या मागे, तिच्या मागे, तिच्या मागे.

वॉरिक वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं. तो वाईट नाही. नेव्हिलचं ऑपरेशन झालं तेव्हा पहाटे आम्हाला रुग्णालयात त्यानेच नेलं. पुढे नेव्हिलला गवत कापवेना तर हा शनिवार सोडून कुठल्याही दिवशी यायचा, यंत्र काढायचा, सगळं अंगण कापून घाम पुसत पाणी तेवढं प्यायचा. आणि तसाच घाम पुसत एक दिवस ओट्यापाशी उभा राहून त्याने सांगितलं की मांस तर तुम्ही कधी खाल्लं नाही, पण आता अंडं, दूध, चीज, तेल, मीठ, सगळं बंद करून बघू या. रस द्या. कोवळी पानं द्या. शरीर देवाचं मंदिर आहे, ते झाडून घेतलं की बघा. नेव्हिलचा डॉक्टर, तरुण होता, डोळ्यांखाली काळं असलेला, त्याने तर सांगितलं होतं की ह्यांना जे पोटात राहील ते द्या, अंडी खातात ना, उत्तम. नेव्हिलने दोघांचंही ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, वॉरिकचं करून बघू, तू जवळजवळ तसंच रांधतेस की. तो पहिला हिरवा पेला त्याने एका दमात संपवला आणि पेल्याच्या तळाशी बघत म्हणाला, म्हशीला काय वाटत असेल ते आज कळलं.

आणि हे कॅसरोल तेव्हाचंच. रविवारी नेव्हिलला अंड्याची न्याहारी लागायची, लग्न झाल्यापासूनची, ती गेली म्हणून मी हे शिकले. हॉर्न्सबीतल्या भारतीय दुकानातून काळं मीठ आणलं. चिमूटभर पुरतं. टोफूत पडलं की अख्ख्या घराला उकडलेल्या अंड्याचा वास. वॉरिकने साध्या मिठाला बंदी केली होती, ह्याच्या चिमटीकडे मात्र काणाडोळा केला. मला वाटलं होतं नेव्हिलला बरं वाटेल. त्याने पहिला घास घेतला, वास घेतला, डोळे मिटून पुष्कळ वेळ चावला आणि म्हणाला, लग्नाचं बोलावणं तर आलंय, ग्लेनिस, पण नवरी कुठाय? मी हसले. तोही हसला. तेव्हा त्याच्या गालांत हसू मावायला जागा राहिली नव्हती, कातडं सरळ हाडावर होतं. ते हसणं मला आता दिसलं आणि मी काळ्या मिठाची बरणी उघडली, मिश्रणात चिमूट टाकली, आणि वास आला. लगेच आला.

मंगळवारी सकाळी मी प्रार्थनासभेला जायचे. बायकांची सभा, अकरापर्यंत. परत आले की घरात वास असायचा. खरा. काळ्या मिठाचा वास भिंतीला चिकटून राहतो. खऱ्या अंड्याचा येतो आणि जातो, पण लोखंडी तव्याच्या कडेला थोडा मागे राहतो. तवा धुतलेला असायचा, नेव्हिल खुर्चीत असायचा, खिडकी उघडी. कुंपणापलीकडे जुझा राहते, माल्टाची, विधवा, कोंबड्या पाळते, तिच्या चुलीवर बारा महिने काहीतरी रटरटत असतं. अंडं कुठून आलं हे कळायला मला काही विचारावं लागलं नाही. दारातच उभी राहून मी पहिल्यांदा तो वास घेतला तेव्हा मला राग आला नव्हता, हे मी आज देवासमोर सांगते. त्याला भूक लागलेली बघून मला बरं वाटलं होतं. तो जेवला होता. कितीतरी दिवसांनी माझा नवरा मनापासून काहीतरी जेवला होता.

पण मीठ वरच्या फळीवर होतं. बंदी होती म्हणून मीच ते वर टाकलं होतं, कॅरव्हॅनमधली जुनी अ‍ॅल्युमिनियमची मिठाची कुपी, झाकणाचे आटे गेलेली, फिरायला जायचो तेव्हाची. आणि ऑपरेशननंतर नेव्हिलचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. म्हणजे तो अंडं बिनमिठाचं खात होता. त्या मंगळवारी रात्रभर मला हेच दिसत राहिलं, एवढं चोरून खायचं आणि तेही आळणी. पुढच्या मंगळवारी निघताना मी कुपी खाली काढली आणि चुलीच्या उजव्या बाजूला ठेवली. परत आले तर कुपी डाव्या बाजूला, पुसलेली. मी ती परत वर ठेवली. असं चाललं. मंगळवारी खाली, मंगळवारी वर. एकदा सभेला उशीर होत होता म्हणून ती काढायची राहिली. त्या दिवशी जेवताना नेव्हिलने वाटाण्यांकडे बघत, कुणाला उद्देशून नाही असं, म्हटलं, "आज फार आळणी दिवस गेला बुवा." मी वाटाणे वाढले. एवढंच. आमचं त्यावरचं सगळं बोलणं एवढंच.

आणि आज वॉरिक फोनवर सांगत होता की शेवटच्या आठवड्यात, रुग्णालयात खाटेभोवतीच्या पडद्यामागे, प्रार्थना झाल्यावर, नेव्हिल त्याला म्हणाला: ग्लेनिसला ह्यातलं काही ठाऊक नाही हं. तिचा काही दोष नाही. चमच्याने मी मिश्रण ढवळत होते, हे वाक्य आता पहिल्यांदा नीट आत आलं, आणि चमचा थांबला. त्याला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. मरताना, तोंडाला कोरड पडलेली असताना, त्याने माझ्यासाठी खोटं सांगितलं. आयुष्यभर खोटं न बोललेल्या माणसाने. मंडळीत मी जिथे बसते तिथे मला बसता यावं म्हणून. आणि वॉरिक तेच खोटं उद्या थाळीत घालून पाहुण्यांपुढे ठेवणार होता, वर मला उभं करणार होता, शोभेला.

जुझाने कुंपणावरून हाक मारली तेव्हा मी थर लावत होते. हात पुसून गेले. तिने नाक वर करून वास घेतला. "काय शिजवतेस गं? माझ्या कोंबड्यांना वाटलं त्यांच्यातलंच कुणीतरी तुझ्या घरात गेलंय." मी सांगितलं उद्याचं. तिने फडक्यात बांधलेली सहा अंडी पुढे केली. ती दर काही दिवसांनी करते असं, नेव्हिल गेल्यावरही. मी नको म्हणते, ती परत नेते. म्हणते, माझ्या हाताला सवय लागलीय, त्याला कोण समजावणार. आज मी हात पुढे केला. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"रडलीस का?"

मी मान हलवली.

"मग रागावलीस. बरं झालं. नवीन आहे, पण शोभतो तुला." आणि मग, वळता वळता, तिचं नेहमीचं, "तुमचा देव बाकी सगळ्याला क्षमा करतो, बाई, एका अंड्यावरच का एवढा डूख धरून बसलाय कळत नाही."

देव नाही धरून बसला, असं मला म्हणायचं होतं. अंडी घेऊन आत आले आणि ओट्यावर ठेवली. एकीकडे अंडी, एकीकडे अंड्याच्या वासाचं बेसन. आणि तेव्हा मला जे सुचलं ते लिहायला हवं, कारण ते फार गोड वाटलं. सगळी सहा फोडायची. मिश्रणात घोटायची. वॉरिक उद्या दोनदा वाढून घेईल, ओठ पुसेल, पाहुण्यांना सांगेल की बघा, अंड्यावाचून काही अडत नाही. माझा हात गेला अंड्याकडे. ते गार होतं, एका बाजूला पिसाचा तुकडा चिकटलेला. मी ते तळहातावर धरून उभी राहिले आणि मला नेव्हिल त्या तव्यापुढे दिसला, ड्रेसिंग गाऊनमध्ये, एका हाताने काठ धरून, दुसऱ्या हाताने अंडं फोडताना, कवचाचा तुकडा आत पडू नये म्हणून जीभ दातांत धरून. ते अंडं त्याने कुणाला फसवायला खाल्लं नव्हतं. मी सहाही फ्रिजच्या दारात नेऊन ठेवली. तिथल्या गोल खळग्या कितीतरी दिवस रिकाम्या होत्या.

थर लावून झाले. काजूची साय पसरली. आणि ट्रे भट्टीत सरकवताना मला शंका आली की साधं मीठ घातलं का. काळ्या मिठाची चिमूट आठवत होती, वास तर घरभर होता. वॉरिकची बंदी नेव्हिलच्या ताटापुरती होती, पाहुण्यांच्या कॅसरोलमध्ये साधं मीठ लागतंच, चमचाभर, ते मी टोफू कुस्करताना घालते, आणि आज टोफू कुस्करताना फोन आला. फोनच्या आधी घातलं की नंतर घालणार होते? मिठाचा डबा उघडा होता. चमचा ओला होता. कशावरून काही कळेना. दुसरी कुठलीही बाई बोट बुडवून चाखेल. मी चाखत नाही. जेवणाच्या वेळेखेरीज तोंडात काही घालायचं नाही, चमच्याचं टोकही नाही, हे व्रत मी वयाच्या सोळाव्या वर्षापासून पाळलंय, माझा स्वयंपाक हातांच्या सवयीवर चालतो, आणि हातांना आज दुसरं काम होतं. मी भट्टीचं दार लावलं.

आमच्यात एक रीत आहे. शब्बाथ लागायच्या आत मनातलं सगळं मिटवायचं. ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्याकडे शुक्रवारी उजेड असेतो जायचं, हात मिळवायचा. माझ्या बापाचं शेत होतं वरच्या बाजूला, डोंगरांकडे. शेजारच्या माणसाने आमच्या कुत्रीला विष घातलं होतं. शुक्रवारी दुपारी बाप अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून, त्या माणसाच्या फाटकापर्यंत चालत गेला, हात मिळवून परत आला. आई म्हणाली, झालं, आता सगळं स्वच्छ. मग तो औजारांच्या खोलीत गेला आणि तिथून खूप वेळ लाकडावर हातोडा मारल्याचा आवाज येत राहिला. कसलंच काम नव्हतं तिथे. मी दाराबाहेर उभी होते, परकर मुठीत धरून. सूर्य मावळला तसा आवाज थांबला. मला तेव्हा ते फार सुंदर वाटलं होतं, सूर्यासाठी माणसाने हातोडा खाली ठेवणं. आज मी ओटा पुसताना पहिल्यांदा विचार केला की त्या माणसाचं काय. त्याने काय केलं असेल हात मिळवल्यावर. जेवला असेल.

लग्नानंतर नेव्हिल दर शुक्रवारी, दिवे लावायच्या सुमाराला, विचारायचा, "काही बाकी?" आणि मी म्हणायचे, "नाही." बहुतेकदा खरंच नसायचं. कधी असायचं, लहानसहान, तर ते त्या 'नाही' म्हणण्यात विरघळून जायचं, कारण विचारणाऱ्याच्या आवाजात घाई नसायची. आता कुणी विचारत नाही. मागचं वर्षभर मी खिडकीपाशी उभी राहून स्वतःच म्हणते, नाही, काही बाकी नाही. आणि आज उन्हाचा तुकडा भिंतीवरून वर चढत होता, भट्टीतून तो वास येत होता, आणि माझ्या आत इतकं बाकी होतं की ते 'नाही' मला म्हणवेना.

ट्रे न्यायला वॉरिक आला तेव्हा ऊन फक्त झाडांच्या शेंड्यांवर राहिलं होतं. दरवर्षी तोच येतो, ट्रे हॉलच्या फ्रिजमध्ये ठेवायला. स्वच्छ सदरा, केस ओले, विंचरलेले. त्याने कॅसरोलकडे बघून मान डोलावली, वास घेतला, म्हणाला, "वा. कोण म्हणेल ह्यात अंडं नाही."

मी म्हटलं, "ती गोष्ट उद्या सांगू नका."

तो वाकला. मी पुन्हा म्हटलं. तो सरळ झाला आणि त्याचा चेहरा इतका मऊ झाला की मला तो बघवेना. म्हणाला की नाव घेणार नाही. मी म्हटलं की मंडळीत सगळ्यांना कळेल. कळलं तर त्यातून एखादा जीव वाचेल, असं म्हणाला. मी म्हटलं, ते त्याने तुम्हाला एकट्याला सांगितलं होतं, पडद्याआड, प्रार्थनेनंतर. ह्यावर तो अंगठ्याने ट्रेच्या कडेवरचा करपलेला ठिपका खरवडत राहिला.

"मी ह्यावर प्रार्थना केलीय, भगिनी," तो म्हणाला. "पुष्कळ दिवस. मला सांगायलाच हवं." मग खिडकीकडे बघून, "सूर्य चाललाय. आपल्यात काही बाकी नको राहायला."

तोच शब्द. त्याला ठाऊक नव्हतं तो कुणाचा शब्द आहे.

"आहे," मी म्हटलं. "बाकी आहे."

त्याने ऐकलं. ह्या वेळी त्याला वाकावं लागलं नाही. पण त्याने ते ऐकल्यासारखं केलं नाही. डोळे मिटले, हात पुढे केले, आणि प्रार्थना सुरू केली. त्याचा आवाज चांगला आहे, नेहमीच होता. त्याने नेव्हिलसाठी आभार मानले, माझ्यासाठी मानले, अन्नासाठी, पाहुण्यांसाठी, आणि मग म्हणाला, देवपित्या, भगिनीच्या मनातला सल काढून टाक. मी आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थनेत डोळे उघडे ठेवले. त्याच्या पापण्या ओल्या होत्या. खरंच ओल्या होत्या. बाहीच्या काठावर एक धागा सुटलेला होता. तो आमेन म्हणाला आणि थांबला, माझ्यासाठी. झाडांच्या शेंड्यांवरचं ऊन गेलं. मी काही म्हटलं नाही. इतक्या वर्षांत माझ्या गप्प बसण्याचा त्याने एकच अर्थ लावला होता, आणि तोच त्याने आताही लावला. हसला, ट्रे उचलला.

दारात मी म्हटलं, "मीठ घातलं का, आठवत नाही."

"तुमच्या हाताला सवय आहे," तो म्हणाला.

सकाळी हॉल भरला होता. लांब टेबलं, पांढरे कागद, संत्र्यांचे काप, गरम कॅसरोलची वाफ, आणि तो वास. माझ्या शेजारी आमच्याच रस्त्यावरचा एक म्हातारा बसला होता, चड्डीवर, गुडघ्यावर जुनी जखम, कुत्र्याला बाहेर बांधून आलेला. समोर एक तरुण जोडपं. जेवायची वेळ होती, मी पहिला घास घेतला. बटाटा खाली छान कुरकुरीत झाला होता. पालक मऊ. आणि मीठ नव्हतं. कुठेच नव्हतं. नुसता वास, आणि वासाच्या आत काही नाही. समोरची मुलगी म्हणाली की फारच सुंदर झालंय, आणि काटा खाली ठेवला. म्हातारा तेवढा सभ्य नव्हता. तो म्हणाला, "ताई, मीठ मिळेल का कुठे? का तेही पाप आहे तुमच्यात?"

टेबलांवर मीठ नव्हतं, वॉरिक ठेवू देत नाही. मी पर्समध्ये हात घातला. सकाळी निघताना मी वरच्या फळीवरून कुपी काढली होती, का ते स्वतःला न सांगता. म्हाताऱ्याने ती घेतली, झाकण हातात आलं, तो पुटपुटला, बोटाने शिंपडलं, खाल्लं, आणि म्हणाला, हां, आता आलं. त्याने ती समोर दिली. मुलीने नवऱ्याला दिली, नवऱ्याने पुढे. कुपी टेबलावरून सरकत निघाली, हातातून हातात, जिथे पोचेल तिथे लोक पुन्हा खायला लागत होते.

वॉरिक उठला. पेल्यावर चमचा वाजवला. आपल्यात एक बंधू होता, त्याने सुरू केलं, आणि आमच्या मंडळीतल्या बायकांच्या माना एकेक करून माझ्याकडे वळल्या. त्याने सगळं सांगितलं. आजार. हिरवे पेले. मंदिर. अंडी. मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, "आणि त्याची पत्नी, जिला ह्यातलं काही, काहीसुद्धा ठाऊक नव्हतं, ती आज आपल्यात आहे." त्याने हात माझ्याकडे केला.

मी उभी राहिले. सांगितलं होतं तशी.

तो पुढचं वाक्य सुरू करणार होता. मी म्हटलं, "त्याचं नाव नेव्हिल होतं." कुणाला ऐकू गेलं नाही. मी आवाज चढवला नाही, मला ते येत नाही. मी थांबले. आधी आमचं टेबल गप्प झालं, मग शेजारचं, मग काटे थांबले, आणि सगळा हॉल थोडा माझ्याकडे वाकला. वॉरिक हळूच म्हणाला, भगिनी, आपण नंतर बोलू. स्वयंपाकवर्गातल्या माझ्या पोरी मागे उभ्या होत्या, हातात ताटं, तोंडं उघडी. मी आता जे बोलणार होते त्यानंतर त्या पहिल्या रांगेसाठी भांडणार नव्हत्या. कुपी हॉलच्या पार टोकाला पोचली होती, कुणाच्या तरी हातात चकाकत होती.

"नेव्हिल," मी पुन्हा म्हटलं. "अंडं मंगळवारी असायचं. एकच. शेजारीण द्यायची. आणि मला ठाऊक होतं. वरच्या फळीपर्यंत त्याचा हात पोचत नव्हता. मीठ मी ठेवत होते."